कंट्रोलरचे जादा बोर्ड कसे जपावेत?

प्रश्न : कोयनानगरला आमच्या हौशी आकाशनिरीक्षण गटाकडे सीसीडी कॅमेऱ्याच्या कंट्रोलरचे जादा बोर्ड आहेत. ते कसे ठेवावेत?

उत्तर : तुमच्याकडचा पाऊस पाहता आधी दमटपणाचा बंदोबस्त करा. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. (१९६७चा भूकंप पाहिलेल्या गावाला डबा उंच फळीवर ठेवू नका, हे मी काय सांगावे!) खरी गफलत नोंदींत होते. फर्मवेअरची आवृत्ती, जंपरची जागा, शेवटच्या चाचणीची तारीख डब्यावरच लिहा, फोटोही काढा. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली वेधशाळेतही पावसाळ्यात निरीक्षण थांबते. तुम्हीही तेव्हाच चाचणी उरका. पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कमजोर होतात, म्हणून वर्षातून एकदा बोर्डाला वीज द्या. मात्र आधी कॅमेरा न जोडता सगळी व्होल्टेज मोजा. बिघडलेला बोर्ड सीसीडीच जाळू शकतो.