सरावाची पूर्ण परीक्षा

वर्षभर मन लावून अभ्यास केलेला विद्यार्थी प्रवेशपरीक्षेहून परत येतो आणि म्हणतो, “सर्व येत होतें, पण वेळ पुरला नाहीं.” हे उद्गार आम्हीं अनेकदां ऐकले आहेत. अशा वेळीं दोष बुद्धीचा असतोच असें नाहीं. वर्षाचे श्रम तीन तासांत पणास लागतात, आणि तीन तास एका जागीं बसून सतत विचार करण्याची संवयच पुष्कळांस नसते.

वैद्यकीय शिक्षणासाठीं घेतल्या जाणाऱ्या नीट परीक्षेचें उदाहरण घेऊं. २०२५ सालीं तींत १८० प्रश्न व १८० मिनिटें होतीं. म्हणजे प्रश्नामागें एकच मिनिट, आणि त्यांतच उत्तरपत्रिकेवरील वर्तुळही भरावयाचें. बरोबर उत्तरास ४ गुण मिळत व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होई. कोणता प्रश्न सोडून पुढें जावें, हा निर्णय पुस्तक शिकवीत नाहीं; पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविल्यानेंच तो अंगीं बाणतो.

शिवाय परीक्षा ही केवळ मोजपट्टी नव्हे, ती अभ्यासाचीच एक रीत आहे. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, पांच मिनिटांनीं विचारतां उतारा पुन्हां वाचणारे पुढें होते. पण आठवड्यानें विचारतां, न पाहतां आठवून लिहिणारेच पुढें गेले.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारीं एक संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी. वरील परीक्षा दुपारीं २ ते ५ या वेळांत झाली. तेव्हां सरावही त्याच वेळीं करावा, म्हणजे जेवणानंतरची सुस्ती घरींच ओळखतां येईल. मध्यें उठूं नये, पुस्तक उघडूं नये. दुसऱ्या दिवशीं चुका तीन प्रकारांत मांडाव्या: न आलेल्या, घाईनें झालेल्या व वेळेअभावीं राहिलेल्या. पहिल्यांस पुनः अध्ययन, दुसऱ्यांस सावधपणा व तिसऱ्यांस सराव हें औषध होय. न तपासतां सोडविलेल्या दहा प्रश्नपत्रिकांपेक्षां तपासलेल्या चार अधिक हितकारक होत.

पालकांसही एक विनंती. ते तीन तास घरांत शांतता राखावी, आणि पाल्य उठतांच “किती गुण?” असें न विचारतां “कोणती चूक सांपडली?” असें विचारावें. घरीं सांपडलेली चूक ही हानि नव्हे. परीक्षागृहांतील हानि तिनें टळते.