जमिनीचा तुकडा

मुलांनो, ‘मोर्सेलमां’ हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. मोर्सेलमां सें आंद्रे हे तर आपल्या मॉरिशसमधल्या एका गावाचेच नाव आहे. त्याचा अर्थ काय? जमिनीचे तुकडे पाडणे.

१८३४ पासून भारतातून पुष्कळ मजूर करारावर येथे आले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. सुरुवातीला पुरुषाला महिन्याला ५ रुपये आणि शिधा मिळे. पुढे युरोपात बीटाची साखर फार होऊ लागली, तेव्हा उसाच्या साखरेचा भाव उतरला. मळेवाल्यांना पैशांची गरज पडली. १८८० नंतर त्यांनी जमिनीचे लहान लहान तुकडे विकायला काढले. चांगली जमीन मात्र बहुधा स्वतःकडे ठेवली आणि दगडांची विकली!

तरी मजुरांनी ती घेतली. पैसे कुठून आणले? कोणी गाय पाळून दूध विकले, कोणी भाजी विकली, कोणी दागिने मोडले. बाकीची रक्कम हप्त्यांनी फेडायची. कागद फ्रेंच भाषेत असे. ज्याला वाचता येत नसे, तो अंगठा उठवी. हप्ता चुकला तर जमीन जायची भीती होती.

घरात रोख पैसा नसे. मग गावच्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल, खारी मासळी उधार आणत. दुकानदार बहुधा चिनी असे. तो सारे एका वहीत लिही. तिला ‘कार्ने’ म्हणत. ऊस कापून गिरणीत गेला, की हिशेब चुकता होई.

शेतातले दगड वेचून त्यांनी ढीग रचले. उसाच्या शेतांत असे ढीग आजही दिसतात. तुम्ही पाहिले आहेत का?