शिखरावरून वर्णन : पाहणाऱ्याचे स्थान आणि भाषा

कळसूबाईच्या माथ्यावर (१६४६ मीटर) पोहोचलेला गिर्यारोहक भंडारदऱ्याचा जलाशय पाहून लिहितो, ‘खाली निळे पाणी पसरले आहे.’ ‘खाली’ हे स्थलवाचक क्रियाविशेषण पाण्याविषयी जेवढे सांगते, तेवढेच पाहणारा कोठे उभा आहे हेही सांगते. वक्त्याचे स्थान कळल्याशिवाय अशा शब्दांचा अर्थ पूर्ण होत नाही. प्रवासवर्णने वाचताना आपण हे सहसा विसरतो.

पवनी तालुक्यातील उदाहरण घ्या. गोसे येथील वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. येथे शिखर नाही. भिंतीची उंची पुरते. भिंतीवरचा पर्यटक म्हणतो, ‘पाणी दूरवर पसरले आहे.’ पुनर्वसित गावठाणातील वृद्ध त्याच पाण्याकडे बोट दाखवून म्हणतात, ‘आमचं गाव तिथं होतं.’ हे ‘तिथं’ पर्यटकाला दिसत नाही.

आता क्रियापद पाहा. ‘गाव बुडाले’ या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. बुडवणारा कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘गाव बुडवले’ म्हणताच कर्ता शोधावा लागतो. ‘बुडीत क्षेत्र’ या शासकीय शब्दप्रयोगातही कर्ता नाहीच. (मराठीची ही सोय कार्यालयांना फार मानवते.) ‘बुडाले’ लिहिणे चूक नव्हे, मात्र आपण काय गाळले, याची जाण लेखकाला हवी.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील टेकडीवरून दिसणाऱ्या तलावाचे वा बोडीचे पाच वाक्यांत वर्णन करा. तेच वर्णन काठावर राहणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी पुन्हा लिहा आणि बदललेली क्रियाविशेषणे व क्रियापदे अधोरेखित करा.