पायथॉन प्रोग्रॅम बंद होताना: डिस्ट्रक्टरवर काय सोपवावं, काय नाही

पुण्यात पायथॉन हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी टिपलेली निरीक्षणं तपासताना ते लागतं आणि आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर तासन्‌तास चालणाऱ्या कामांतही ते असतं. अशा प्रोग्रॅमचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे त्याचा शेवट. गणित बरोबर येतं, पण शेवटच्या ओळी फाइलमध्ये उतरतच नाहीत. कधी बंद होता होता ‘ओपन’ हे नावच सापडत नाही, अशी चक्रावून टाकणारी तक्रार पडद्यावर येते. पुष्कळदा याचं मूळ एकच असतं: जे काम वेळेवर व्हायलाच हवं, ते डिस्ट्रक्टरवर सोडलेलं असतं.

शेवटी नेमकं काय घडतं?

नेहमीच्या वापरातल्या सीपायथॉनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला किती संदर्भ आहेत याची मोजणी होते. ती शून्यावर आली की त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजेच ‘डेल’ मेथड (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) चालते. प्रोग्रॅम संपताना मात्र आधी साधे थ्रेड संपण्याची वाट पाहिली जाते, मग ‘एटएक्झिट’मध्ये नोंदवलेली फंक्शन्स चालतात आणि त्यानंतर मॉड्यूल मोडायला सुरुवात होते. तोवर जिवंत राहिलेल्या ऑब्जेक्टचं ‘डेल’ चाललंच, तर त्याला लागणारं मॉड्यूल आधीच गेलेलं असू शकतं. २०१४च्या ३.४ आवृत्तीत ही परिस्थिती बरीच सुधारली. तरीही अशा ऑब्जेक्टचं ‘डेल’ चालेलच याची हमी भाषा आजही देत नाही.

१. बंद करण्याचं काम उघडपणे करा. फाइल, डेटाबेस, सॉकेट सांभाळणाऱ्या क्लासला ‘क्लोज’ मेथड द्या. ती दोनदा बोलावली तरी बिघाड होऊ नये. वापर ‘विथ’च्या आत करा, म्हणजे मध्येच एरर आली तरी बंद करण्याचं काम होतं. एक सावधगिरी बाळगा: एसक्यूलाइटच्या कनेक्शनवर ‘विथ’ लावलं की व्यवहार पूर्ण होतो, पण कनेक्शन बंद होत नाही. तिथे ‘काँटेक्स्टलिब’मधलं ‘क्लोजिंग’ वापरा.

२. राखीव सोय म्हणून ‘फायनलाइझ’ ठेवा. ‘वीकरेफ’ मॉड्यूलमधली ही सोय ऑब्जेक्ट गेल्यावर, नाहीतर प्रोग्रॅम नीट संपताना, दिलेलं फंक्शन एकदाच चालवते. त्या फंक्शनला ‘सेल्फ’ देऊ नका, त्याच ऑब्जेक्टची मेथडही देऊ नका. तसं केलं तर तो ऑब्जेक्ट शेवटपर्यंत सुटतच नाही. फक्त फाइलचा पत्ता किंवा हँडल द्या.

३. ‘एटएक्झिट’चा क्रम विचारपूर्वक लावा. शेवटी नोंदवलेलं फंक्शन आधी चालतं. म्हणून डेटाबेस बंद करणारं फंक्शन आधी नोंदवा आणि त्यात उरलेल्या नोंदी लिहिणारं नंतर.

४. सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) पकडा. महासंगणकावरची कामं रांगेत लावणाऱ्या स्लर्ममध्ये वेळमर्यादा संपली की कामाला आधी सिगटर्म मिळतो आणि नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांनी सिगकिल, जो पकडताच येत नाही. सिगटर्मसाठी हँडलर नसेल, तर पायथॉन तिथल्या तिथे संपतं: ‘एटएक्झिट’ही नाही, ‘डेल’ही नाही. हँडलरमध्ये ‘सिस’चं ‘एक्झिट’ बोलवा, म्हणजे ‘विथ’ आणि ‘फायनली’ आपापलं काम करतील. नमपायचं एखादं मोठं गणित सुरू असेल, तर ते परत येईपर्यंत हँडलर थांबून राहतो. म्हणून मोठं काम लहान तुकड्यांत करा, नाहीतर ती ३० सेकंदं त्यातच जातील.

५. ‘डेल’ लिहावंच लागलं तर हात आखडता ठेवा. ‘इनिट’ अर्ध्यावर फसलं तरी ‘डेल’ चालतं, म्हणून अॅट्रिब्यूट आहे का ते आधी पाहा. आत नवा इम्पोर्ट करू नका, लॉग लिहू नका. लॉकही घेऊ नका, कारण ‘डेल’ कुठल्याही ओळीवर, कुठल्याही थ्रेडमध्ये चालू शकतं आणि प्रोग्रॅम कायमचा अडकू शकतो. ‘सिस’मधल्या ‘इज फायनलाइझिंग’चं उत्तर होकारार्थी आलं, तर काहीही न करता परत फिरा. ‘डेल’मधली एरर फक्त पडद्यावर छापली जाते, बोलावणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हेही ध्यानात असू द्या.

६. फोर्क केलं असेल तर प्रोसेस क्रमांक तपासा. नोंदवलेली फंक्शन्स चाइल्ड प्रोसेसकडेही जातात. चाइल्ड साध्या मार्गाने संपली, तर पॅरेंट वापरत असलेली तात्पुरती फाइल पुसली जाऊ शकते. संसाधन उघडताना प्रोसेस क्रमांक जपून ठेवा आणि तो जुळला तरच ते आवरा.

७. शेवटाचीही चाचणी घ्या. पायथॉन डेव्हलपमेंट मोडमध्ये चालवलं की बंद न केलेल्या फाइलींचे इशारे दिसतात. मग प्रोग्रॅम मध्यावर असताना त्याला सिगटर्म पाठवा आणि फाइल पुरी लिहिली गेली का ते बघा. दुसऱ्या खेपेला सिगकिल पाठवा.

सिगकिल आला किंवा वीज गेली, तर वरचा एकही उपाय चालत नाही. त्यासाठी निकाल टप्प्याटप्प्याने साठवा. आधी त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, ‘फ्लश’ आणि ‘एफसिंक’ करा आणि मग ‘ओएस’च्या ‘रिप्लेस’ने तिला खरं नाव द्या. वाचणाऱ्याला तेव्हा जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण फाइल, अर्धवट कधीच नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. वरच्या सात गोष्टी त्यावर उभ्या करणं सोपं जातं.