रोखपालाचे काम व त्याच्या अटी

सुरत हे व्यापाराचे शहर. रिंग रोडवरील कापडबाजार घ्या की लिंबायतमधील किराणा दुकान घ्या, गल्ल्याची जागा सर्वत्र आहेच. खानदेशातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील काही मुलामुलींना शाळा संपताच त्या जागेवर बसावे लागते. म्हणून या कामाचे स्वरूप व त्याच्या अटी आधीच जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सकाळी गल्ला मोजून घेणे, बिलाप्रमाणे पैसे घेऊन मोड परत देणे, परत आलेल्या मालाची नोंद ठेवणे आणि रात्री हिशेब जुळवून रोकड स्वाधीन करणे, हे रोखपालाचे काम होय. समजा, सकाळी गल्ल्यात २,००० रुपये होते. दिवसाची रोख विक्री १८,४५० रुपये झाली. परत आलेल्या मालापोटी ६५० रुपये दिले. तर रात्री १९,८०० रुपये असावयास हवेत. मोजणीत १९,७०० भरले, तर तूट १०० रुपयांची.

ही तूट कोणी भरावी? पुष्कळ ठिकाणी ती सरसकट पगारातून कापली जाते. कायदा मात्र असे सांगत नाही. जिचा हिशेब देणे नोकराकडे आहे ती रक्कम त्याच्याच हयगयीमुळे गेली असेल, तरच कपात करता येते. तीही नुकसानीहून अधिक नाही, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होते; २०१९ च्या वेतन संहितेने तेच पुढे चालविले, व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दुपारी जेवणाच्या वेळी दुसऱ्याच कोणी गल्ला हाताळला असेल, तर चूक कोणाची हे कसे ठरणार? म्हणून गल्ला घेताना व देताना दोघांनी मिळून मोजावा आणि वहीत दोघांच्या सह्या असाव्यात.

कामाच्या वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सुरत मुंबई राज्यात असताना झालेल्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि आठवड्यातून एक सुटी दिली. गुजरातने २०१९ मध्ये स्वतःचा नवा कायदा लागू केला. केरळात तर कोळिकोडच्या दुकानांतील स्त्रियांच्या चळवळीनंतर २०१८ मध्ये कामावर बसावयास आसन मिळण्याचा हक्क कायद्यात आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. दिवसभर उभे राहणाऱ्यास ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हा विद्यार्थीमित्रहो, नोकरी पत्करताना नेमणूकपत्र मागण्यास संकोचू नका. पगार, वेळ, सुटी व तुटीची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहिलेली असावी. ज्याच्याकडून पैपैचा लेखी हिशेब घ्यावयाचा, त्याच्या नोकरीच्या अटी तेवढ्या तोंडी का असाव्यात?