रणगाड्यातील एंजिन

१९१६ च्या सप्टेंबर महिन्यात फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात इंग्रजांनी रणगाडा प्रथम युद्धात उतरविला. त्याच्या पोलादी पोटात आठ माणसे आणि सुमारे १०५ अश्वशक्तीचे पेट्रोल एंजिन एकाच कोठडीत कोंडलेली असत. शत्रूचा गोळा आत शिरला की पेट्रोल भडके आणि रणगाड्याची भट्टी होई.

पेट्रोलची वाफ साध्या हवेतही झटकन तयार होते व एका ठिणगीने पेट घेते. डीझेल तेल इतके उतावीळ नाही. जमिनीवर सांडलेल्या थंड डीझेलला काडीने सहजासहजी आग लागत नाही. (हा प्रयोग अर्थातच करून पाहावयाचा नव्हे.) मग हे तेल एंजिनात पेटते तरी कसे? सायकलच्या पंपाने भराभर हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, कारण दाबलेली हवा तापते. डीझेल एंजिनात दट्ट्या सिलिंडरमधील हवा मूळच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबतो. तापलेल्या त्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी पाडणाऱ्या साधनाची गरजच उरत नाही. शिवाय तेवढ्याच कामाला तेलही कमी लागते.

ही युक्ती रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याची. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे एंजिन यशस्वी ठरले. पण ते तीन मीटर उंच, कित्येक टन वजनाचे आणि शक्तीने अवघे २० अश्वशक्तीचे होते! कारखान्यात, जहाजात ते शोभे. रणगाड्यात मावणार कसे? १९३० नंतरच्या दशकात जपानने आपल्या काही रणगाड्यांत डीझेल एंजिने बसविली. परंतु खरी मजल मारली ती सोव्हिएत संघातील खारकॉव्ह शहराच्या कारखान्याने.

तेथे कॉन्स्टंटिन चेल्पान यांच्या नेतृत्वाखाली 'व्ही-२' नावाचे एंजिन आकारास येत होते. बारा सिलिंडर सहा-सहांच्या दोन तिरप्या रांगांत मांडलेले, वजन घटविण्यासाठी अॅल्युमिनियमचा सढळ उपयोग, आणि शक्ती ५०० अश्वशक्ती! वजन मात्र एका टनाहूनही कमी. हे काम पुरे होण्याआधीच, १९३७ च्या डिसेंबरात, स्टालिनच्या राजवटीने चेल्पान यांना खोट्या आरोपांवरून पकडले व १९३८ साली गोळी घातली. पुढे ते निर्दोष ठरविण्यात आले.  सहकाऱ्यांनी काम तडीस नेले.

हे एंजिन ज्या 'टी-३४' रणगाड्यात बसविले, त्याचे रचनाकार मिखाईल कोश्किन होते. नवा रणगाडा टिकाऊ आहे हे पटविण्यासाठी १९४० च्या मार्च महिन्यात त्यांनी दोन नमुने आगगाडीवर न चढविता, बर्फातून व चिखलातून खारकॉव्हहून थेट मॉस्कोपर्यंत चालवीत नेले. रणगाडे पोहोचले. कोश्किन मात्र ह्या प्रवासात आजारी पडले आणि फुप्फुसांच्या विकाराने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली, तेव्हा ह्या रणगाड्याने जर्मन सैन्याला चकित केले. शत्रू जवळ येताच खारकॉव्हचे कारखाने यंत्रांसह उरल पर्वताकडे हलविण्यात आले आणि तेथे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

डीझेलचे रणगाडे कधी पेटतच नसत, असे मात्र समजू नये. गोळा टाकीवर बसला तर तेही जळत. कडाक्याच्या थंडीत एंजिन सुरू करणे हीदेखील मोठी अडचण असे. म्हणून टी-३४ मध्ये दाबलेल्या हवेच्या नळकांड्या ठेवीत आणि त्या हवेच्या जोराने एंजिन फिरवीत.

१९६० च्या सुमारास अमेरिकेसारखे देशही रणगाड्यांसाठी डीझेलकडे वळले. अमेरिकेच्या 'एब्रम्स' रणगाड्यात पुढे गॅस टर्बाइन आले; पण असे अपवाद थोडे. 'व्ही-२' चा वंश भारतातही आला आहे. १९७१ च्या युद्धात लढलेल्या आपल्या टी-५५ रणगाड्यांत त्याच घराण्यातील ५८० अश्वशक्तीचे एंजिन होते. चेन्नईजवळील आवडी येथे बांधलेल्या टी-७२ मध्ये ती शक्ती ७८० झाली आणि टी-९० मध्ये १,०००. सिलिंडर मात्र बाराच राहिले, आणि त्यांचे आकारमानही जवळजवळ तेच; फक्त त्यांत हवा अधिक जोराने कोंबली जाऊ लागली.