चेंडू वर जातो तो कुणाच्या जोरावर?

प्रश्न : पुण्याला भाच्याकडे गेलो असताना त्याने गोल्फचं मैदान दाखवायला नेलं. तिथे पाहिलं ते अजब वाटलं. लोखंडी तोंडाची काठी वरून खाली येते, गवताचं ढेकूळ उडतं आणि चेंडू मात्र आभाळात जातो. लहानपणी आम्ही विटी कोलायचो ती खालून उचलून. शिवाय लांब टाकायचं तर ४५ अंशांत टाका, असं शाळेत शिकलो. हे लोक तर चेंडू जवळजवळ सपाट काढतात. चेंडूची उंची ते ठरवतात तरी कशी? आणि हाच टोला महाबळेश्वरला मारला तर जास्त लांब जाईल का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : विटीचा हिशेब इथे चालत नाही, कारण विटीला हवा फक्त अडवते, गोल्फच्या चेंडूला ती अडवते आणि उचलतेही. तुमचं सगळं कोडं या ‘उचलते’मध्ये आहे.

आधी ४५ अंशांचं पाहू. तो नियम हवा नसलेल्या जागेचा आहे, आणि तोही वस्तू जिथून सुटली त्याच पातळीवर पडणार असेल तरच. तुमच्याच जिल्ह्यातला, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी घ्या. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. लोखंडी गोळ्याला हवेची पर्वा नसते, तरीही गोळाफेकीतले चांगले खेळाडू गोळा साधारण ३५ ते ३८ अंशांतच सोडतात. गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि पडतो जमिनीवर, हे एक कारण. दुसरं असं, की माणसाच्या अंगात पुढे ढकलायला जेवढा जोर असतो तेवढा वर ढकलायला नसतो. म्हणजे ४५ अंश साध्या गोळ्यालाही लागू पडत नाहीत.

गोल्फचा चेंडू तर फक्त ४५.९३ ग्रॅमचा, नियमाने याहून जड चालत नाही. क्लबचं, म्हणजे त्या काठीचं, तोंड मागे कललेलं असतं. टोला बसताना चेंडू त्या उतारावर घासला जातो आणि उलटा फिरत सुटतो, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे येत असतो. हा फिरणारा चेंडू हवेला खाली लोटतो आणि हवा त्याला वर ढकलते. जोरदार टोल्यात सुरुवातीला ही उचल चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त भरते. म्हणून तो सपाट निघाल्यासारखा दिसतो आणि पुढे गेल्यावर आणखी चढतो. हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते एडिनबरोचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, १८९० च्या दशकात. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनचा हौशी गोल्फ विजेता होता, त्यामुळे प्रयोगाला माणूस घरातच मिळाला असणार.

चेंडूवरच्या खळग्यांचीही कथा इथेच सांगायला हवी. पूर्वीचे गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाचे, चेंडू नवे असताना गुळगुळीत असत. वापरून ओरखडे पडलेला चेंडू नव्यापेक्षा बरा उडतो, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं. मग कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खुणा ठोकू लागले. आजचे गोल खळगे विल्यम टेलर या इंग्रज कारखानदाराच्या १९०५ च्या पेटंटमधून आले. खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, मागची पोकळी अरुंद होते आणि अडवणूक जवळपास निम्म्यावर येते. गुळगुळीत चेंडू तुमच्या भाच्याने कितीही जीव तोडून मारला तरी निम्म्या वाटेवरच पडेल.

आता मला स्वतःला सगळ्यात गमतीचे वाटतात ते आकडे. अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुष गोल्फरांचे टोले रडारने मोजले आहेत. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, चेंडू सुमारे ११ अंशांत काढतो; फिरकी मिनिटाला सुमारे २,७०० फेरे, आणि चेंडू जवळपास २५० मीटरवर पडतो. सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा मधल्या पल्ल्याचा क्लब, १६ अंशांत काढतं, फिरकी ७,००० च्या आसपास, अंतर साधारण १५५ मीटर. पिचिंग वेज, म्हणजे जास्त उताराचा, जवळच्या टोल्याचा क्लब, २४ अंश, फिरकी ९,३००, अंतर सव्वाशे मीटर. आणि तिघांची सर्वाधिक उंची? सुमारे २९, २९ आणि २७ मीटर! नजरेला वेजचा चेंडू फार उंच गेल्यासारखा वाटतो, कारण तो जवळच चढतो आणि जवळच उतरतो. फरक पडतो तो उतरण्यात. वेजचा चेंडू ५० अंशांहून जास्त उभा पडतो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, थांबतो. ड्रायव्हरचा तिरपा पडून पुढे घरंगळत जातो.

तेव्हा ‘वरून खाली का मारतात’ याचं उत्तर असं, की वर न्यायचं काम क्लबच्या उताराला दिलेलं असतं, हातांना नाही. आयर्नने मारताना क्लब खाली येत असतानाच चेंडूला भिडतो आणि मग गवत खरवडतो. तुम्ही पाहिलेलं ढेकूळ चेंडू सुटल्यानंतरचं. नवशिका विटीसारखं खालून उचलायला जातो, क्लब चेंडूच्या मागे जमिनीत रुततो किंवा त्याची धार चेंडूच्या कमरेला लागते, आणि चेंडू सरपटत जातो. ड्रायव्हरच्या वेळी चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेला असतो म्हणून तिथे क्लब वर जाऊ लागताना भिडला तरी चालतं, किंबहुना बरंच.

आता उंची ठरवतात कशी ते पाहू. तिरंदाजाला निदान अंतर ठाऊक असतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं. कंपाउंड धनुष्याच्या त्या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर ठरलेलं असतं. गोल्फरला दर टोल्याला नवं अंतर, नवा उतार, नवा वारा. म्हणून पिशवीत चौदापर्यंत क्लब बाळगायची मुभा आहे.

क्लब तोच ठेवून उंची बदलता येते. उंच हवा असेल तर चेंडू पुढच्या पायाच्या बाजूला घ्यायचा, शरीर थोडं मागे राहू द्यायचं, झोका पूर्ण वरपर्यंत न्यायचा. खाली ठेवायचा तर चेंडू मागे सरकवायचा, भिडताना हात चेंडूच्या पुढे ठेवायचे, म्हणजे क्लबचा उतार कमी होतो, आणि झोका छातीपाशीच थांबवायचा. यातलं सगळ्यात कठीण असं, की जोर कमी करायचा. समोरून वारा असला की माणूस चवताळून मारतो. जोरासोबत फिरकी वाढते, फिरकीसोबत उचल, आणि चेंडू भरकन वर चढून जागीच पडतो. अनुभवी खेळाडू अशा वेळी एक-दोन नंबर लांबचा क्लब घेतो आणि अर्ध्या ताकदीने मारतो.

वारा उंचीप्रमाणे वाढतो, हे तुमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. चाळकेवाडी, वनकुसवडे किंवा ढालगावच्या पवनचक्क्या एवढ्या उंच खांबांवर का बसवल्या, त्याचं कारण तेच. ग्रीनवरचं निशाण जेमतेम हलत असतं तेव्हा पंचवीस मीटर वर चेंडूला चांगलाच झोत लागतो.

राहिलं महाबळेश्वर. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १,३७० च्या आसपास. तिथली हवा सांगलीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ. विरळ हवेत अडवणूक घटते, पण उचलही घटते. म्हणून चेंडू थोडा कमी उंच जातो, जास्त सपाट उतरतो आणि तरीही पुढे पडतो. दीडशे मीटरचा टोला तिथे सहा-सात मीटर जादा जाईल. पावसाळ्यात ‘दमट हवा जड, म्हणून चेंडू जात नाही’ असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित हलकीच भरते. त्या दिवसांत टोला आखूड पडलाच, तर दोष गारव्याचा: थंड हवा दाट असते आणि चेंडूतलं रबर गारठून कमी उसळतं.